अडीच रोगी, शून्य उंदीर: मुंबईच्या प्लेगचं मॉडेल घरी कसं बनवाल

आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला जुनी माणसं प्लेगचं नाव फारसं घेत नसत. "उंदीर पडायला लागले तेव्हा" एवढंच म्हणत. वळचणीतून उंदीर धपकन खाली पडायचा, जागेवर गोल फिरायचा आणि मरायचा. मग गाव उठायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. आजीनं हे तिच्या आईकडून ऐकलं होतं, मी आजीकडून. पुढे प्राणिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा वर्गात हीच गोष्ट सांगायचे आणि पुढच्या धड्याला वळायचे. गणिताशी तिचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. साथीच्या गणिताचा पाया समजला जातो तो १९२७ सालचा केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा निबंध. त्यात खऱ्या आकड्यांवर बसवून दाखवलेला आलेख आहे मुंबईच्या प्लेगचा: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, दर आठवड्याचे मृत्यू. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे ते प्रमुख होते आणि १९२० साली एडिंबरोला परतले. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली, तरी बीजगणित सुटलं नाही.

आपण तोच प्लेग एक्सेलमध्ये उभा करू. प्रोग्रामिंग लागत नाही. बेरीज, गुणाकार आणि सेल खाली ओढणं एवढं आलं की पुरे. फुकटातली कुठलीही स्प्रेडशीट चालेल, मोबाईलवर मात्र करू नका, डोळे फुटतात.

आधी माणसांचे तीन ढीग

सगळ्या माणसांचे तीन गट करायचे. निरोगी, म्हणजे ज्यांना अजून रोग होऊ शकतो ते. आजारी, म्हणजे ज्यांच्यापासून पसरतो ते. आणि तिसरे सुटलेले. इंग्रजीत या तिसऱ्या गटाला 'रिमूव्हड' म्हणतात आणि मुलांना तो शब्द कधी कळत नाही, कारण त्यात बरे झालेले आणि मेलेले दोन्ही येतात. मराठीत अडचणच नाही. आपल्याकडे बरा झालेलाही सुटतो आणि गेलेल्यालाही "सुटला बिचारा" म्हणतात. दोघेही साथीच्या हिशेबातून बाहेर.

आता दोन दर. पहिला बीटा: एक आजारी माणूस, भोवती सगळे निरोगी असताना, आठवड्यात सरासरी किती जणांना रोग देतो. दुसरा गॅमा: आजारी माणसं आठवड्याला कोणत्या दराने सुटतात. गॅमा उलटा केला की आजारपणाची सरासरी लांबी मिळते. गॅमा १ म्हणजे एक आठवडा, गॅमा २ म्हणजे साडेतीन दिवस. हे 'उलटं करणं' नीट लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळा खेळ आहे. बीटा भागिले गॅमा म्हणजे तो कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडी झालेला आर-नॉट: भोवती सगळे निरोगी असताना एक आजारी माणूस सुटेपर्यंत सरासरी किती जणांना रोग देतो.

शीट मांडताना

वरच्या चार सेलमध्ये चार आकडे लिहा: बीटा १.४, गॅमा १, एकूण माणसं १७,५००, आणि पाऊल १/७. पाऊल म्हणजे एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना किती वेळ पुढे सरकायचं. दर आठवड्याचे आणि ओळ एका दिवसाची, म्हणून एक सप्तमांश.

खाली रकाने करा: दिवस, आठवडा, निरोगी, आजारी, सुटलेले, आजचे नवे, आजचे सुटलेले. सूत्रं अशी:

आजचे नवे = बीटा × निरोगी × आजारी ÷ एकूण × पाऊल
आजचे सुटलेले = गॅमा × आजारी × पाऊल
उद्याचे निरोगी = आजचे निरोगी − आजचे नवे
उद्याचे आजारी = आजचे आजारी + आजचे नवे − आजचे सुटलेले
उद्याचे सुटलेले = कालपर्यंतचे + आजचे सुटलेले

पहिल्या ओळीत आजारी ४ ठेवा, सुटलेले ०, उरलेले सगळे निरोगी. मग दुसरी ओळ धरून २१७ व्या दिवसापर्यंत खाली ओढा. शेजारी एक जास्तीचा रकाना ठेवा, तिन्ही ढिगांच्या बेरजेचा. तो वरपासून खालपर्यंत १७,५००च दाखवला पाहिजे. नसेल तर कुठेतरी माणूस हरवलाय किंवा जन्माला आलाय.

आणि वरच्या चार सेलना डॉलरचं चिन्ह लावून कुलूप घाला. हे मी मोठ्या अक्षरात सांगते, कारण पहिल्यांदा प्रोजेक्टरवर दाखवताना मी बीटाचा डॉलर विसरले होते. खालच्या ओळींना रिकामा सेल मिळाला, रिकामा म्हणजे शून्य, आणि साथ पहिल्याच दिवसापासून विझायला लागली. मी दहा मिनिटं वर्गाला समजावत होते की कमी आजारी माणसांनी सुरू झालेली साथ कधीकधी आपोआप विझते, शास्त्रात असं असं होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, बीटा शून्य आहे." स्पष्टीकरण शंभर टक्के पटण्यासारखं होतं, हे विशेष.

मुंबईचा आलेख

जुळवायला समोर काहीतरी हवं. निबंधातलं मूळ कोष्टक सगळ्यांना मिळेलच असं नाही, पण त्यांनी त्या आकड्यांवर बसवलेलं सूत्र पुरतं. आठवडा 'ट' धरला तर दर आठवड्याचे मृत्यू म्हणजे ८९० गुणिले (०.२ट − ३.४) या कोनाच्या हायपरबोलिक सेकंटचा वर्ग. नाव ऐकून घाबरू नका. एक्सेलमध्ये सी-ओ-एस-एच अशा चार अक्षरांचं फंक्शन आहे, ८९०ला त्याच्या वर्गानं भागा, झालं. सातव्या आठवड्याला ६३, बाराव्याला ३७४, सतराव्याला ८९०, आणि मग तसंच उतरत बाविसाव्याला ३७४, सत्ताविसाव्याला ६३. डोंगर दोन्ही बाजूंनी सारखा. शिखर १५ एप्रिल १९०६च्या आसपास येतं. सगळी बेरीज साधारण ८,९००.

मृत्यू आपल्या शीटमध्ये कुठे आहेत? गॅमा × आजारी या गुणाकारात, म्हणजे दर आठवड्याला सुटणारे; त्याचा एक वेगळा रकाना करा. तेव्हा नोंदलेल्या रोग्यांपैकी ८० ते ९० टक्के दगावत, म्हणून सुटलेले आणि मेलेले जवळपास एकच धरले तरी चालतं, असं त्या दोघांनीच लिहून ठेवलंय.

हे दोन आलेख एकावर एक काढा आणि आता खुंट्या पिळायला लागा, म्हणजे बीटा, गॅमा, एकूण माणसं आणि सुरुवातीचे आजारी हे चार आकडे. एक्सेलचं सॉल्व्हर, म्हणजे आकडे आपोआप जुळवून देणारी सोय, पहिल्या दिवशी वापरू नका. ते आकडा देतं, पण कोणती खुंटी पिळल्यावर डोंगर कुठे सरकतो ते हाताला कळत नाही.

क्रम असा ठेवा. आधी चढ. सुरुवातीच्या आठवड्यांच्या मृत्यूंचा नैसर्गिक लॉगरिदम घेतला की जवळपास सरळ रेष येते आणि तिचा उतार आठवड्याला ०.४ निघतो. म्हणजे मृत्यू साधारण बारा दिवसांत दुप्पट. हा उतार म्हणजे बीटा वजा गॅमा. दोघांतला फरकच कळला, दोघं वेगवेगळे नाही कळले! इथे रोगाची माहिती आणावी लागते. गाठीच्या प्लेगमध्ये माणूस आठवड्याभरात इकडे किंवा तिकडे होतो असं धरलं तर गॅमा १, मग बीटा १.४. त्यानंतर एकूण माणसांचा आकडा असा निवडायचा की शेवटी सुटलेले ८,९००च्या आसपास यावेत. आर-नॉट १.४ असताना साथीत निम्म्याहून थोडी जास्त माणसं सापडतात, म्हणून १७,५००.

चालवून बघा. बेरीज जुळेल, पण शिखर ७९०च्या आसपासच अडकेल. बीटा १.४५ आणि माणसं १६,२०० केली की ८७५-८८० पर्यंत चढतं. मग शिखर सतराव्या आठवड्याच्या आधी येऊन बसतं, त्याला मागे ढकलायला सुरुवातीचे आजारी कमी करावे लागतात. मी करत करत २.५वर थांबले. अडीच रोगी. मुलं हसतात, हसू द्या. ही शीट माणसं मोजत नाही, पाण्यासारखं काहीतरी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतते. आकडे शेकड्यांत असतात तोवर हे खपतं. आजारी दोन-तीनच असताना साथ पेटेल की विझेल हे नशिबावर असतं आणि नशीब या शीटमध्ये नाही. त्यासाठी दर ओळीला फासा टाकणारं वेगळं मॉडेल करावं लागतं.

जाता जाता एक प्रयोग. पाऊल १/७ऐवजी १ करा, म्हणजे ओळ आठवड्याची. बाकी एकही आकडा बदलू नका. शिखर दोन-तीन आठवड्यांनी पुढे जाईल. रोग तोच, माणसं तीच, फक्त तुम्ही लांब ढांगा टाकल्यात. पाऊल निम्मं करून उत्तर हलतं का हे बघितल्याशिवाय कुठलंच मॉडेल कुणाला दाखवू नये.

आता त्या आकड्यांना प्रश्न विचारा

इथपर्यंत आलेख सुंदर जुळलाय. बहुतेक लोक इथे स्क्रीनशॉट काढतात आणि उठतात. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं.

१६,२०० माणसं कोण? १९०१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ७,७६,००६ होती आणि प्लेगची भीती असूनही पुढे वाढतच गेली. मग उरलेले लाखो लोक कुठे आहेत? मांडवीच्या धान्याच्या गोदामात झोपणारा हमाल आणि मलबार हिलवरचा साहेब यांना सारखाच धोका नव्हता, हे खरं. पण १६,२०० असा गट शहरात बोट दाखवून सापडत नाही. तो मी आलेखाला टेकू म्हणून लावलाय.

बरं, प्रामाणिकपणे सगळं शहर घालू. एकूण माणसं ९,००,००० करा. आता सुटलेले ८,९०० म्हणजे फक्त एक टक्का. साथ एक टक्क्यावरच आटपायची तर आर-नॉट एकच्या अगदी वर, केसभर हवा. ढोबळ नियम असा की आर-नॉट एकपेक्षा जितका जास्त, त्याच्या दुप्पट भाग लोकसंख्येला रोग होतो, अर्थात जास्तीचा भाग अगदी छोटा असेल तेव्हाच. एक टक्क्यासाठी जास्तीचा भाग ०.००५. पण बीटा वजा गॅमा ०.४च हवं, ते आलेखानं ठरवलंय. दोन्ही अटी मांडा: गॅमा × ०.००५ = ०.४. गॅमा निघतो ८०. बीटा ८०.४.

हे आकडे शीटमध्ये घाला, सुरुवातीचे आजारी ०.०५ ठेवा, म्हणजे एका माणसाचा विसावा हिस्सा. आलेख बिघडेल असं वाटतं ना? उलट आधीपेक्षा छान बसतो, दोन्ही उतारांसकट. कारण केरमॅक-मॅकेंड्रिक यांनी हातानं गणित सुटावं म्हणून जी काटछाट केली होती ती नेमकी अशाच परिस्थितीत खरी ठरते.

आता गॅमा उलटा करा. एक आठवडा भागिले ८०, म्हणजे दोन तास. प्लेग झालेला माणूस दोन तासांत सुटतो. एप्रिलच्या ऐन भरात, आठवड्याला ८९० माणसं मरत असताना, सगळ्या मुंबईत मिळून कुठल्याही क्षणी आजारी किती? ८९० भागिले ८०, अकरा. एवढ्या मोठ्या शहरात अकरा रोगी!

वर्गात मी हा भाग बोलून दाखवत नाही. शीट देते आणि "गॅमा उलटा करा" एवढं सांगते. दोन-तीन मिनिटं शांतता असते, मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, माझं काहीतरी चुकलंय." तुझं नाही चुकलं बाळा.

रकान्यात नसलेला उंदीर

चुकलं ते पहिल्या सूत्रातच. 'आजचे नवे' या सूत्रात आजारी माणूस निरोगी माणसाला रोग देतो. गाठीचा प्लेग असा पसरत नाही. फुप्फुसाचा प्लेग पसरतो, पण मुंबईतली साथ मुख्यतः गाठीची. तिथे जंतू उंदरात, उंदरावर पिसू, उंदीर मेला की उपाशी पिसवा जवळ येईल त्याला चावतात. मूळ निबंधातही माणसांतली साथ ही उंदरांतल्या साथीचं प्रतिबिंब आहे हे कबूल केलेलं आहे, आणि ऋतूंप्रमाणे सगळंच बदलतं हेही. म्हणजे त्या दोघांना हे ठाऊक होतं. पुढे पाठ्यपुस्तकांत आलेख उतरत गेला आणि कबुली मागे राहिली.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला तेव्हा पिसूचं कुणाला ठाऊक नव्हतं. १८९८ साली पॉल-लुई सिमोंद यांनी कराचीत प्रयोग करून पिसू पकडली आणि बराच काळ त्यांचं कुणी ऐकलं नाही. १९०५ साली परळला प्लेग कमिशननं काम सुरू केलं, त्यातून ते सिद्ध झालं. प्लेगच्या घरांत ते गिनीपिग मोकळे सोडत आणि मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजत. उंदरांची साथ आधी येते आणि माणसांची साधारण दोन आठवड्यांनी मागून, हेही त्याच कामातून पुढे आलं. माझ्या पणजीला ते गिनीपिगशिवाय माहीत होतं, पण ती निबंध लिहीत नव्हती.

तेव्हा शीटची नवी प्रत करा आणि उंदीर आणा. उंदरांचे तीन रकाने, एक मोकळ्या (मेलेल्या उंदराला सोडून निघालेल्या) पिसवांचा, मग माणसांचे तीन.

आज मेलेले उंदीर = उंदरांचा गॅमा × आजारी उंदीर × पाऊल
उद्याच्या मोकळ्या पिसवा = आजच्या + आज मेलेले उंदीर × दर उंदरामागे पिसवा − पिसवांचा मृत्यूदर × आजच्या × पाऊल
आजचे नवे आजारी उंदीर = उंदीर-चावा-दर × मोकळ्या पिसवा × निरोगी उंदीर ÷ एकूण उंदीर × पाऊल
आजची नवी आजारी माणसं = माणूस-चावा-दर × मोकळ्या पिसवा × निरोगी माणसं ÷ एकूण माणसं × पाऊल

दर उंदरामागे पिसवा मी पाच घेऊन सुरू करते, तुम्ही बदलून बघा. उंदराला चिकटलेली पिसू मोकळी राहत नाही, तीही खरं तर वजा करायला हवी. पहिल्या खेपेला सोडून दिलं तरी चालेल. शेवटच्या सूत्राकडे मात्र नीट बघा. त्यात आजारी माणूस कुठेच नाही. म्हणून आता नऊ लाख माणसं ठेवली तरी भानगड होत नाही. साथ किती मोठी होणार हे उंदीर ठरवतात, माणसांतला एक टक्का हे चावा-दराचं काम, आणि माणसाचा गॅमा १, म्हणजे आजारपण एक आठवडा, राहू शकतो. दोन तासांचा प्लेग गायब.

मोबदल्यात खुंट्या वाढल्या: चारच्या जागी आठ-नऊ. इतक्या खुंट्यांनी कुठलाही डोंगर कुठेही बसवता येतो, म्हणून या शीटची परीक्षा आलेख जुळण्यावर घेऊ नका. जे जुळवलं नाही ते विचारा. उंदरांचं शिखर माणसांच्या किती दिवस आधी येतंय? दोन आठवड्यांच्या आसपास येत असेल तर ठीक, माणसांच्या नंतर येत असेल तर दर बदला. उन्हाळ्याचा परिणाम घालायचा मोह होईल. पिसवांचा मृत्यूदर मेपासून वाढवून बघा, पण तेवढी एकच गोष्ट हलवा.

आता माझ्या आवडीची खुंटी. मेलेल्या उंदरांची बेरीज दहावर गेली की त्यानंतर 'द' दिवसांनी माणूस-चावा-दर एक दशांश करा, एका 'जर-तर' सूत्रात होतं. म्हणजे लोक घरं सोडून माळावर गेले. तुलनेसाठी त्याच शीटमध्ये फक्त आजारी माणसांना वेगळं काढा. काढणार कुठून? सूत्रात आजारी माणूसच नाही, त्यामुळे आकडा हलत नाही. पुण्यात १८९७ साली घराघरांत शिरून रोगी आणि संशयित उचलून नेले, त्याचा संताप कुठवर गेला हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. एक्सेलमध्ये तो उपाय घालायला सेलसुद्धा सापडत नाही.

'द' मात्र हलवून बघा: २०, १०, ५. माझा आकडा ठरत नव्हता, म्हणून मी आईला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. विचारलं, उंदीर पडल्यावर आजीच्या गावची माणसं किती दिवसांनी उठायची गं?

"दिवसांनी?" आई म्हणाली. "अगं, चुलीवरची भाकरी उचलून निघायचे."

'द'च्या सेलमध्ये शून्य टाकलंय.